चिटणिसांची खुर्ची

आमच्या साडूंइतका मेलेल्या माणसांत रमणारा जिवंत माणूस अख्ख्या इलिनॉयमध्ये दुसरा नसेल. आणि असलाच, तर त्याचा साडू कोण आहे ते मला कळवा. मला त्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडून रडायचंय. माणसाला नाद असावेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नव्वदच्या दशकात आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत कुणाला शेअर बाजाराचा नाद होता, कुणाला मागच्या अंगणात मेथी उगवण्याचा, एकाला तर नुसता गाडी धुण्याचा. आमच्या साडूंना नाद होता एका रेल्वे कंपनीच्या साहेबांचा. रेल्वेचा नव्हे हं, इथेच सगळे फसतात. इंजिनं, डबे, रूळ, सिग्नल ह्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. त्या कंपनीचं इंजिन कोळशावर चालायचं की लाकडावर, असं मी एकदा कौतुकानं विचारलं, तर म्हणाले, "असेल कशावर तरी. ते सुपरिंटेंडेंट बघायचे." त्यांचा सगळा जीव अडकला होता तो कंपनीच्या संचालक मंडळात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, चिटणीस, चीफ इंजिनियर वगैरे. ही कंपनी एकोणिसाव्या शतकात शिकागोच्या पश्चिमेला मक्याच्या शेतांतून थोडीशी लाइन टाकून, आपापसांत भरपूर भांडून, शेवटी एका मोठ्या कंपनीच्या पोटात गडप झाली. खुद्द अमेरिकेला तिची आठवण नाही. आठवण होती ती विदर्भातून आलेल्या एका कॉम्प्युटर प्रोग्रॅमरला, आणि त्याच्या कृपेनं मला.

सुरुवात झाली एका गॅरेज सेलमध्ये. ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, स्वतःचा लग्नातला फोटो लावायला मोठी फ्रेम हवी होती. साडूंनी फ्रेम आणली, तर आत आधीच दाढीवाल्या गोऱ्यांची एक रांग बसलेली. त्यांना काढायचं आणि ह्या दोघांना बसवायचं, एवढंच काम. पण साडू स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "काढण्याआधी कोण आहेत ते तर बघू. कुणाच्या तरी घरातले असतील." झालं! लग्नातला फोटो कपाटात गेला तो गेलाच, आणि दाढीवाले हॉलमध्ये आले. पुढे आमच्या सासूबाई भारतातून लेकींकडे राहायला आल्या, तेव्हा एका भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडून त्या वळल्या आणि समोर हे!

"हे कोण गं? जावईबापूंचे साहेब का?"

"मेलेत ते, आई."

"अगं बाई! मग हार का नाही घातला?"

ताईंनी कपाळावर हात मारला. सासूबाई मात्र परत जाईपर्यंत एकेकाला ओळखायला लागल्या होत्या. विमानतळावर माझ्या बायकोला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "तो चपट्या नाकाचा खजिनदार मला पहिल्यापासून आवडला नाही. तुझ्या भावजींना म्हणावं, जरा जपून."

साडू त्यांतल्या कुणालाही नावानं हाक मारत नसत. घरातल्या वडीलधाऱ्यांना कसं आपण नावानं बोलवत नाही, तसं. पहिले अध्यक्ष ते 'थोरले', दुसरे ते 'धाकटे', बाकीचे हुद्द्यावरून. आणि ही मंडळी विषय कुठलाही असो, मध्ये टपकायची. आमच्याकडे जेवायला बसले की म्हणणार, "वांगं नको. थोरल्यांनाही वांगं चालायचं नाही." मी म्हटलं, अहो, त्या काळी इलिनॉयमध्ये वांगं होतं तरी का? तर शांतपणे म्हणाले, "म्हणूनच चालायचं नाही." एकदा माझ्या कंपनीत माणसं काढणार अशी कुजबुज सुरू झाली. माझा जीव टांगणीला, घरात कुणाच्या तोंडात घास जाईना. जरा धीर मिळेल म्हणून मी ह्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "घाबरू नका साडूभाऊ. धाकट्यांनीही एकदा अर्धा स्टाफ काढायचं ठरवलं होतं. आपले चिटणीस आडवे आले."

"आमच्याकडे चिटणीस नाहीत हो!"

"तेच तर चुकलं तुमच्या कंपनीचं," असं म्हणून ते चहा प्यायला लागले. दिवसभर ऑफिसात ह्यांचं काम काय, तर जुने प्रोग्रॅम दोन हजार सालासाठी दुरुस्त करायचे. तिथे मशीन विसाव्या शतकाच्या पुढे जायला तयार नाही, आणि घरी हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडे यायला तयार नाही.

शनिवार-रविवार म्हणजे तर नुसता छळ. साडू गाडी ड्राइव्ह करायला घाबरत, हायवेवर तर घामच फुटायचा त्यांना; त्यामुळे कंपनीच्या दिवंगत अधिकाऱ्यांच्या दर्शनाला न्यायची जबाबदारी माझ्यावर. लोक शिकागोला मत्स्यालय बघायला जातात, आम्ही दफनभूमीत. खजिनदारांच्या कबरीपाशी गेलं की साडू बूट काढणार, मलाही काढायला लावणार, मेणबत्ती लावणार, दोन मिनिटं शांत उभे राहणार. आणि मग गवतावर चादर टाकून ताई डब्यातली भाकरी आणि झुणका काढणार. एकदा कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईनं हळुवारपणे विचारलं, "तुमच्या घरातले का?" साडू म्हणाले, "तसे जवळचेच." ती बाई माझ्याकडे बघून कळवळली. माझ्या तोंडात कांदा होता, मी नुसती मान हलवली. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते ताईंना, संचालक मंडळाचं पहिलं जेवण जिथे झालं त्या हॉटेलात घेऊन गेले. त्या जागी आता गाड्यांचे सायलेन्सर बदलून मिळतात. दोघं त्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून मशीनची कॉफी प्यायले, आणि साडू म्हणाले, "इथेच कुठेतरी थोरले बसले असतील." ताईंनी घरी येऊन माझ्या बायकोला फोन केला आणि तासभर बोलल्या. त्यातलं मला ऐकू आलेलं एवढंच, की आमची ही सारखी म्हणत होती, "अगं, पीत तर नाहीत ना? मग सोड."

आणि निष्ठा तरी किती! उपाध्यक्षांनी म्हणे ऐन अडचणीच्या वेळी आपले शेअर परस्पर विकले होते. त्या माणसाला मरून शंभर वर्षं होऊन गेली, पण साडूंनी त्याच्याशी अबोला धरला होता. मी एकदा चुकून म्हटलं, की ह्या फोटोत उपाध्यक्षांच्या मिशा सगळ्यांत झकास आहेत. त्यानंतर कितीतरी दिवस साडू माझा फोन आला की ताईंकडे देत. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना आभार मानायला सांगितलं, तर हॉल दिल्याबद्दल, आवाजाच्या व्यवस्थेबद्दल, जेवणाबद्दल आभार मानता मानता गाडी कधी संचालक मंडळाकडे वळली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पुऱ्या गार झाल्या. मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "यार, ह्यांना कुणीतरी उतरवा." उतरवलं अर्थातच मी. साडूला साडूच उतरवणार.

ह्या सगळ्यांत त्यांचा लाडका म्हणजे चिटणीस. फोटोत हे गृहस्थ अगदी कडेला, एक खांदा फ्रेमबाहेर. बाकीच्यांसारखी ढेरी नाही, सोन्याची साखळी नाही. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. कंपनी विकली गेल्यावर कुठल्याशा बोर्डिंग हाउसमध्ये एकटेच वारले. साडू त्यांच्याबद्दल बोलायला लागले की आवाज उतरायचा. आणि नेमकी ह्याच चिटणिसांपायी माझ्या सोशिकपणाची परीक्षा व्हायची होती.

झालं असं, की कंपनीच्या लाइनीवरच्या एका चिमुकल्या गावानं आपलं जुनं स्टेशन दुरुस्त केलं आणि उद्घाटनाचा घाट घातला. गावाच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष एक ताठ कण्याच्या आजीबाई होत्या. त्यांनी ठरवलं, की प्लॅटफॉर्मवर संचालक मंडळाच्या खुर्च्या मांडायच्या आणि प्रत्येक खुर्चीत त्या त्या अधिकाऱ्याचा वंशज, जुन्या काळच्या पोशाखात, बसवायचा. वंशज शोधायचं काम कुणी अंगावर घेतलं ते सांगायला नकोच. साडू रोज ऑफिसातून आले की टेलिफोन डिरेक्टरी उघडून त्या त्या आडनावाच्या माणसांना फोन लावत सुटायचे. "सर, तुमचे खापरपणजोबा आमचे खजिनदार होते." लोकांना वाटायचं हा फोनची स्कीम विकतोय, अर्धे तर तिथेच आपटायचे. तरी ह्यांनी आयोवातला एक दाताचा डॉक्टर शोधला, मिशिगनमधल्या एक शिक्षिका शोधल्या, उपाध्यक्षांचा पणतू शोधून त्याच्याशी स्वतःचा अबोला बाजूला ठेवून बोलले. सगळ्या खुर्च्या भरल्या. उरली चिटणिसांची. तिथे वंशज आणायचा कुठून?

"मी बसतो," साडू म्हणाले.

आजीबाई म्हणाल्या, तुमचे फार उपकार आहेत, पण नियम तो नियम, खुर्च्या वंशजांच्याच. चिटणिसांच्या खुर्चीवर आम्ही एक काळी टोपी ठेवू.

त्या संध्याकाळी साडू माझ्याकडे आले ते सोफ्यावर बसलेच नाहीत. "टोपी ठेवणार म्हणतात! साडूभाऊ, टोपी! जिवंत माणूस होता तो. सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार सगळ्यांची माणसं, आणि ह्यांच्या जागेवर टोपी?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी वैतागलो. म्हटलं, "अहो, तुमचा काय संबंध? तो गोरा, तुम्ही विदर्भातले, मध्ये सगळा समुद्र. लोक हसतील तुम्हाला." त्यांची कॉलेजात जायला निघालेली मुलगीही हेच म्हणत होती, अर्थात इंग्रजीत: "काका, टेल हिम! ही इज नॉट इव्हन रिलेटेड!" साडूंनी कुणाचंच ऐकलं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ते चिडलेही नाहीत. त्यांनी आमच्या घरी जेवण टाळलं, मग स्वतःच्या घरी टाळायला लागले. चार दिवसांनी ताईंचा फोन आला, "भाऊजी, काहीतरी करा. ते नुसते बसून असतात हो." ताई कधी काही मागत नाहीत. झालं, गाडी काढली.

आजीबाईंच्या स्वयंपाकघरात बसून मी अशी बोलणी केली, की आमच्या वडीलधाऱ्यांनी लग्नातसुद्धा केली नसतील. एकदा त्यांच्या हातच्या ॲपल पायचं कौतुक, एकदा नियमाचं. शेवटी म्हटलं, "मॅडम, ह्या माणसाइतकं तुमच्या चिटणिसांना त्यांच्या आईनंही ओळखलं नसेल. टोपी ठेवलीत तर हा माणूस त्या टोपीशेजारी उभा राहून रडेल. तुमचाच कार्यक्रम बिघडेल." आजीबाईंनी बराच वेळ कप ढवळला. मग एक अट घातली: बाकीच्यांसारखं ह्यांनीही उभं राहून आपण कोण, कुणाचे कोण, एवढं सांगायचं, दोन मिनिटांत, भाषण नको. साडूंनी मान हलवली. मला मात्र धडकी भरली. ह्या माणसाला आभार मानायला पुऱ्या गार व्हाव्या लागतात!

कार्यक्रम भर उन्हाळ्यात. साडू काळा लांब कोट, उंच टोपी आणि चिकटवलेले कल्ले अशा थाटात गाडीत बसले, आणि घामानं डावा कल्ला वाटेतच सुटला. ताईंनी तो पापण्यांच्या गोंदानं परत लावला. मुलगी मागच्या सीटवर कानात गाणी घालून खिडकीबाहेर बघत होती. गावात पोहोचलो तर अख्खं गाव जमलेलं, शाळेचा बँड, लिंबू सरबत, आणि प्लॅटफॉर्मवर खुर्च्यांची रांग. साडू आपल्या जागी जाऊन बसले. शेवटची खुर्ची, कडेची. त्या सगळ्या गोऱ्या चेहऱ्यांच्या टोकाला आमचे काळेसावळे साडू, ताठ. मागे दोघंजण काहीतरी बोलून हसले. मला इतका राग आला! त्यांचा आला, आणि साडूंचाही आला, की कशाला स्वतःची अशी शोभा करून घ्यायची.

एकेकजण उभा राहायला लागला. शिक्षिका म्हणाल्या, मी अमक्याची मुलगी, ते अमक्याचे, ते अमक्याचे, आणि ते ह्या कंपनीचे पहिले अध्यक्ष. टाळ्या. दाताचा डॉक्टर उठला. त्यानं तर खजिनदारांच्याही मागे जाऊन स्कॉटलंडपर्यंत नेलं. टाळ्या. उपाध्यक्षांच्या पणतूला मधलं एक नाव आठवेना, तर ते साडूंनीच हळूच सांगितलं. लोक हसले, ह्या वेळी चांगलं हसले. मग साडूंची पाळी आली. ते उठले, त्यांनी टोपी काढली. मी घड्याळाकडे बघितलं.

त्यांनी आपलं नाव सांगितलं. "माझे वडील नामदेव," ते म्हणाले. "त्यांचे वडील सोनबा." आणि थांबले. लोकांना वाटलं विसरले. मला माहीत होतं, हा माणूस विसरत नाही. मग साडू म्हणाले, "त्यांच्या आधीची नावं मला माहीत नाहीत. आमच्या लोकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ह्या चिटणिसांच्या पुढे कुणी नाही, माझ्या मागे मला कुणी दिसत नाही. म्हणून म्हटलं, मी बसतो इथे." आणि खाली बसले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. टाळ्या पडायला जरा वेळ लागला. आधी आजीबाईंनी वाजवल्या. माझी बायको आणि ताई एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. मला काय झालं सांगू? मला त्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. इतकी वर्षं वांगी आणि कबरी आणि उपाध्यक्षांचे शेअर ऐकवलेत, हे एकदा घरात बसून सांगायला काय झालं होतं?

आम्ही परत निघालो. बऱ्याच वेळानं मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, हाऊ डू यू स्पेल सोनबा?" साडूंनी एकेक अक्षर सांगितलं. थोड्या वेळानं परत, "अँड हिज डॅड?"

"सांगितलं ना बेटा. माहीत नाही."

"डिड यू आस्क एनीवन?"

इलिनॉयपासून आयोवापर्यंत परक्या माणसांना त्यांचे पणजोबा विचारत सुटलेला हा माणूस कोटाचे खिसे चाचपायला लागला. मग म्हणाला, "साडूभाऊ, गाडी थांबवा."

पेट्रोल पंपाच्या कडेला खांबावर एक पब्लिक फोन होता. सूर्य मक्याच्या शेतांवर टेकला होता, म्हणजे तिकडे मूर्तिजापूरला आता उजाडत असणार. तिथे साडूंची म्हातारी आत्या लेकाकडे असते. साडूंनी कोटातून कॉलिंग कार्ड काढलं, आणि काळा कोट, एक कल्ला लोंबतोय अशा अवस्थेत ते भर रस्त्यावर ओरडायला लागले, "आत्या! मी बोलतोय, अमेरिकेतून! नाही, नाही, सगळे बरे आहेत! कुणी गेलं नाही! रडू नको ना! आत्या, सोनबा आजोबांच्या वडलांचं नाव काय होतं? नाव, नाव!" पेट्रोल भरणारे लोक वळून बघत होते. मग त्यांचं ओरडणं थांबलं, आणि ते कितीतरी वेळ नुसते ऐकत राहिले.

गाडीत येऊन बसले तेव्हा तोंड धुतल्यासारखं दिसत होतं. "कोंडबा," ते म्हणाले. "आणि पणजीचं नाव सखू. आत्याला पोवाडा म्हणतात तशी सगळी नावं पाठ आहेत. म्हणाली, तुम्ही कुणी कधी विचारलंच नाही." मागच्या सीटवर मुलगी ती नावं तिच्या त्या अमेरिकन उच्चारात हळूहळू म्हणून बघत होती.

मी गाडी सुरू केली. साडू माझ्याकडे वळले. आनंदात होते, आणि आनंदात ते नेहमीच जास्त त्रास देतात. "साडूभाऊ, तुमच्या पणजोबांचं नाव काय हो?"

काय करायचंय तुम्हाला, असं अगदी ओठावर आलं. मग मी आठवून बघितलं. बाबांचे वडील रामजी. त्यांचे वडील... मी गाडी बंद केली. साडूंनी ते कार्ड माझ्यापुढे धरलं. "बरीच मिनिटं शिल्लक आहेत," ते म्हणाले. "लावा ना. मी थांबतो."

मी कार्ड घेतलं आणि खाली उतरून त्या फोनपर्यंत गेलोसुद्धा. रिसीव्हर उचलला, कानाला लावला. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, काका त्यांच्याही आधी, आणि आत्या मला नव्हतीच. बाबा असताना आमचा दर रविवारी फोन व्हायचा, हवा कशी आहे, जेवलास का, पोरं काय म्हणतात. पणजोबांचं नाव मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं. गाडीत सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी तसाच थोडा वेळ रिसीव्हर कानाला लावून उभा राहिलो.